एकवचनी डॉक्टर

माझा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे आणि त्याला जनावरांची भीती वाटते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. दवाखाना बाबांनी उभा केलेला. थोरल्याने तो पुढे चालवायचा हे दादा पाळण्यात असतानाच ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडण्याइतकी हिंमत त्याच्यात कधी नव्हती. मी धाकटी. मीही तेच शिकले, ते मला आवडायचं म्हणून. दवाखान्याच्या दारातून आत येताना मला मान वाकवावी लागते एवढी मी उंच आहे, तरी घरात मला अजून चिमणीच म्हणतात.

बाबा गेल्यावर आम्ही दोघं दवाखाना बघू लागलो. कामाची वाटणी न बोलता झाली. ससे, पोपट, लसी आणि मालकांशी गप्पा दादाकडे. चावणारं, ओरबाडणारं, फाडून शिवायचं आणि मरायला टेकलेलं ते माझ्याकडे. म्हातारं कुत्रं उठेनासं झालं की लोक घरीच बोलावतात. शेवटचं इंजेक्शन त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या माणसांत द्यावं असं त्यांना वाटतं, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी गाडी दादा चालवायचा आणि आत मी जायचे. तो सीट मागे करून, काच वर करून, फोनवर काहीतरी बघत बसायचा. मी परत आले की विचारायचा, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." मग आम्ही घरी येऊन जेवायचो. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्यांना सगळं जमत नाही.

पुढे आमच्याच रस्त्यावर एक नवा दवाखाना निघाला. समोरून पूर्ण काच, आत पांढरे दिवे, आणि कुत्र्यांना बसायला माणसांपेक्षा बऱ्या खुर्च्या. आमच्याकडची गर्दी पातळ होऊ लागली. दादा दारात उभा राहून तिकडे वळणाऱ्या मांजरांच्या पेट्या बघायचा आणि खिन्न व्हायचा.

तेव्हा वहिनीने सूत्रं हाती घेतली. वहिनी विमा विकते. तिला केसांची ॲलर्जी आहे, त्यामुळे लग्नापासून ती दवाखान्याची पायरी फार क्वचित चढली असेल, पण धंद्यातलं आपल्याला कळतं याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नाही.

"लोक हातातलं कसब बघत नाहीत," तिने जेवताना सांगितलं. "ते त्यांना कळतच नाही. लोकांना चेहरा लागतो, आवाज लागतो. तुम्ही स्टेजवर उभे राहिलात की तज्ज्ञ. खाली बसलात की नुसते डॉक्टर."

"मी काय बोलणार?" दादा म्हणाला.

"ते शिकवतात."

आणि खरंच शिकवत होते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर आठवड्याला एक वर्ग भरायचा. शिकवणारा गृहस्थ आधी फ्रिज विकायचा. फ्रिज विकता विकता आपण माणसं जिंकतो आहोत असा त्याला साक्षात्कार झाला आणि त्याने ते शिकवायला घेतलं. आम्ही त्याला घरात फ्रिजवालाच म्हणायचो. दादा मात्र 'सर' म्हणायचा. दादाच्या आग्रहावरून मी एकदा तिथे गेले होते. कुणी उठून आपल्या लहानपणीच्या सायकलीबद्दल बोललं, की टाळ्या. कुणी पोहायला घाबरतो असं सांगितलं, की टाळ्या. एक बाई आपलं नावसुद्धा धड न सांगता रडून खाली बसल्या, त्यांना तर उभं राहून टाळ्या. कोपऱ्यात एकाच्या हातात घंटी. बोलणारा 'म्हणजे' म्हणाला की तो घंटी वाजवायचा. मी तास संपेपर्यंत ऐकलं, पण सांगण्यासारखं काही असल्याशिवाय उभं राहू नये, हे तिथे कुणी कुणाला सांगितलं नाही.

दादा मन लावून शिकला. बोलण्याआधी क्षणभर थांबायचं. गर्दीकडे न बघता एकाच माणसाकडे बघायचं. महत्त्वाच्या शब्दाला आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. तळहात वर, उघडा. दुपारी दवाखाना रिकामा असला की तो पिंजऱ्यांसमोर उभा राहून सराव करायचा. ऑपरेशन झालेली मांजरं त्याच्याकडे पाठ करून झोपायची. मी आतून ऐकायचे आणि जखमा धुवायचे.

पहिली भाषणं पडली. जंतांवर बोलला, लोक घड्याळं बघत होते. उन्हाळ्यात कुत्र्याची काळजी यावर बोलला, तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण चक्क घोरत होता. दादा अगदी पडेल चेहऱ्याने घरी आला. फ्रिजवाल्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि ते दादाने आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं: "डॉक्टर, जंत नकोत. मरण द्या."

आता पंचाईत अशी, की दादाजवळ मरण नव्हतं. ती सगळी माझ्याकडे होती.

त्या भाषणाची मला काही कल्पना नव्हती. विमावाल्यांचं वार्षिक संमेलन एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये होतं, वहिनीने त्यात दादाला घुसवलं होतं, आणि आई म्हणाली म्हणून मी तिला घेऊन गेले. आई पहिल्यांदाच त्याला ऐकणार होती. ती ठेवणीतली शाल घेऊन बसली होती.

दादा आला. थांबला. एका बाईंकडे बघितलं. आणि म्हणाला, "एका दुपारी एका म्हाताऱ्या कुत्र्याने मला माणूस केलं."

मग त्याने कोळशाची गोष्ट सांगितली. कोळसा म्हणजे शिवणबाईंचा काळा कुत्रा. या बाई मुलींना शिवण शिकवायच्या, एकट्या राहायच्या. कोळशाच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते आणि मागचे पाय गेले होते. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा तो धुण्याच्या मशीनला टेकून पडला होता. खाली घालायला दुसरं काही सापडेना म्हणून बाईंनी अर्धवट कापलेला एक पडदा अंथरला होता. त्याच्या कडेला खडूच्या खुणा होत्या. मी पुढच्या पायावरचे केस काढले, सुई बसवली, चिकटपट्टी लावली आणि पाय धरून ठेवला. बाईंनी एकच विचारलं, दुखेल का म्हणून. मी म्हटलं, आता नाही. त्यानंतर दोघी काही बोललो नाही. त्याचं डोकं जड झाल्यावर बाई उठल्या आणि नळ नीट बंद केला, तो मघापासून गळत होता. एवढंच.

दादाच्या गोष्टीत बाहेर पाऊस पडत होता. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून बसला. कुत्र्याने थरथरता पंजा उचलून डॉक्टरच्या तळहातावर ठेवला. डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "जा राजा, तुझी राखण संपली." इथे दादाने तळहात वर केला, उघडा, आणि त्यावर जणू खरंच काही ठेवलेलं आहे अशा नजरेने बघत राहिला. हॉलमध्ये नाकं शिंकरल्याचे आवाज येऊ लागले. आयुष्यभर लोकांना मरणाची भीती घालून पॉलिसी विकणारी माणसं हुंदके देत होती. आईनेही शालीचं टोक डोळ्यांना लावलं.

गाडीत मी म्हटलं, "दादा, तिथे मी होते."

"अगं, मी म्हणजे दवाखाना," तो म्हणाला.

"मग दवाखाना म्हणायचं होतं. नाहीतर आम्ही."

वहिनी पुढच्या सीटवरून मागे वळली. "एकवचनात परिणाम जास्त होतो," तिने मला समजावलं. "आणि तुम्हाला कुठे बोलायचंय? तुम्हाला तर लोकांचा कंटाळा."

"त्या कुत्र्याचा पाय मी धरला होता. त्यात सुई होती. तो पंजा कसा उचलेल?"

"चिमणे, एवढं कोण बघतं," दादा म्हणाला.

त्याचं खरं होतं. कुणीच बघत नव्हतं.

भाषण वाढत गेलं. पोळीच्या कणकेसारखं ते मळून मळून मऊ झालं. पुढच्या वेळी पावसात वीज आली. त्याच्या पुढच्या वेळी कोळशाने पंजा ठेवण्याआधी मालकिणीकडे एकदा बघून घेतलं, जणू परवानगी विचारत होता. शाळा, बँका, औषध कंपन्या, नोकरीवरून काढलेल्या माणसांचं एक शिबिर, सगळीकडून बोलावणी आली. वहिनीने त्याचं चित्रण करून फोनवर सोडलं. अनोळखी माणसं त्याला रस्त्यात थांबवून आपली मेलेली कुत्री सांगू लागली, आणि दादा क्षणभर थांबून, तळहात उघडून, त्यांचं ऐकू लागला. वर्तमानपत्राला जनावरांबद्दल काही हवं असलं की ते त्याला विचारू लागले. साध्या खरजेचं औषध तो मला विचारून जायचा आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या फोटोखाली छापून यायचं.

धंदा वाढला हे नाकारता येणार नाही. पण येणाऱ्यांना दादाच हवा असायचा. लोकांच्या घरी दार उघडलं की ते माझ्या खांद्यावरून मागे बघायचे.

"डॉक्टर नाही आले?"

"मी डॉक्टरच आहे."

"नाही, ते. बोलतात ते."

ते गाडीत बसलेले असायचे, काच वर करून. आता मात्र तो बिल्डिंगपासून थोडा पुढे, वळणावर गाडी लावायचा.

मी वाट बघत होते ती शिवणबाईंची. कधीतरी त्या हे ऐकतील आणि उभ्या राहून म्हणतील, की हा माणूस माझ्या घरात आलाच नव्हता. म्हणून नगरभवनातल्या मोठ्या कार्यक्रमाला वहिनीने स्वतः होऊन शिवणबाईंना आमंत्रण दिलं आहे हे कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला. चांगला आनंद नव्हता तो. मी दुपारच्या ऑपरेशनची वेळ बदलून, केस धुऊन गेले.

शिवणबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. थकल्या होत्या, पण साडी स्वच्छ आणि पाठ ताठ. दादा बोलला. पाऊस पडला, वीज चमकली, पंजा उचलला गेला. मी बाईंच्या मानेकडे बघत होते. मान हलत नव्हती. मला वाटलं, आता उठतील. भाषण संपल्यावर वहिनीने माइक त्यांच्या हातात दिला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते, ती सरळ झाले.

"डॉक्टर म्हणतात ते अक्षरन् अक्षर खरं आहे," शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला होता. "त्या दिवशी एवढा पाऊस होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांच्या हातावर पंजा ठेवला. ते त्याच्याशी बोलले म्हणून तो शांत गेला. ते शब्द मी रोज आठवते."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दादाही आश्चर्याने बघत होता, पण फार थोडा वेळ. मग तो खाली उतरला आणि त्याने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

गर्दी ओसरल्यावर मी त्यांना दाराशी गाठलं.

"मला ओळखलंत?"

"हो तर," त्या प्रेमाने म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या बहीण ना. तुम्हीही आला होतात तेव्हा. सुई तुम्ही दिली होती हातात."

"बाई, दादा आत आला नव्हता. मीच होते. कोळसा मशीनजवळ होता, तुम्ही खाली पडदा घातला होता, कापायला काढलेला."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं. खरंच प्रामाणिकपणे बघितलं. "पडदा?" त्या म्हणाल्या. "नाही बाई, पडदा कशाला घालीन मी? माझ्याकडे त्याची गादी होती की." मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाल्या, "तुम्हालाही त्रास झाला असेल तेव्हा. तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात."

मी घरी चालत गेले. त्या बाईंचा मला राग येत नव्हता. त्यांना गळक्या नळाच्या जागी काहीतरी बरं मिळालं होतं, आणि ते त्यांनी घेतलं होतं. पण त्या दिवसाचा मी सोडून एकच साक्षीदार होता, तोही आता उरला नाही. एका फ्रिजवाल्याच्या शिकवणीने एवढं होऊ शकतं याची मला शिसारी आली. दुसऱ्या दिवशी मी दादाला सांगितलं, यापुढे लोकांनी तुला बोलावलं तर तू जायचं. मला बोलावलं तर मी जाईन.

त्याने ते मनावर घेतलं नाही. मग बेकरीवाल्याचा फोन आला.

बेकरीवाला म्हणजे व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याकडे अस्वलाएवढा एक पिवळा कुत्रा होता, मायाळू, जरा मठ्ठ. त्याच्या हाडात गाठ झाली होती आणि आता ती फुफ्फुसात पोचली होती. बेकरीवाला फोनवर रडत म्हणाला, की डॉक्टरांनीच यावं, दुसरं कुणी नको. पुढच्या महिन्यात मंडळाच्या अधिवेशनात दादाचं भाषण होतं, तेही याच माणसाने ठरवलेलं.

"तू जा," दादा मला म्हणाला.

"मला नाही बोलावलं."

"चिमणे, हट्ट करू नकोस."

"हट्ट कसला? त्यांनी मंडळी तुझ्या नावाने जमवली आहेत. मांडी घालून बसायला सतरंजीही घातली असेल."

वहिनी म्हणाली, ताप आल्याचं कळवू. पण तापाने कुत्रं थांबणार नव्हतं, आणि मंडळाचा अध्यक्ष तर त्याहून नाही. शेवटी दादा म्हणाला, "बरोबर तरी चल. नुसती बॅग धर." मी गेले. कुत्र्यासाठी गेले असं म्हणायला मला आवडेल. थोडी गंमत बघायला पण गेले.

बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांजवळ कुत्रा पडला होता. श्वास लागला होता. बेकरीवाला, त्याची बायको, भट्टीवरचे दोघं-तिघं कामगार असे सगळे गोल करून उभे होते. सतरंजी खरंच घातलेली होती. दादा चांगली पँट सांभाळत मांडी घालून बसला आणि बोलू लागला. मी ते भाषण अनेकदा ऐकलं होतं, तरी कबूल करते, त्या दिवशी तो फार चांगला बोलला. कुत्रा घरात आला त्या दिवसाबद्दल, पावाच्या वासाबद्दल, दारात वाट बघणाऱ्या डोळ्यांबद्दल. यातलं त्याला काही माहीत नव्हतं. बेकरीवाल्याची बायको पदरात तोंड घालून रडत होती. कुत्रा माझ्याकडे बघत होता, कारण बॅग माझ्या हातात होती आणि आजारी जनावरांना बॅग कळते.

मग दादाने हात पुढे केला आणि मी सिरिंज दिली.

त्याचा हात कापत होता. त्याने सुई घातली ती शिरेच्या बाजूला. कुत्रा कण्हला आणि पाय ओढू लागला. दादा थांबला. ते शिकलेलं थांबणं होतं. सगळ्यांना वाटलं, भावना दाटून आल्या. तो पुन्हा बोलू लागला, जाणं म्हणजे काय, राहणं म्हणजे काय. बोलता बोलता त्याने दुसऱ्यांदा सुई घातली. तीही चुकली. पिवळ्या केसांवर रक्ताचा ठिपका फुलला. कुत्र्याने ओठ मागे घेतले. एवढा मायाळू प्राणी दात दाखवतो तेव्हा त्याला किती दुखत असेल, हे त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. दादाचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड चालूच होतं.

"सरक," मी म्हटलं.

तो सरकला नाही तेव्हा मी त्याला खांद्याने ढकललं आणि पाय हातात घेतला. दुसऱ्या पायाची शीर चांगली होती. मागून बेकरीवाल्याचा आवाज आला, "बाई, जरा थांबा. डॉक्टरांचं बोलणं पूर्ण होऊ द्या."

मी थांबले नाही. कुत्र्याने एक मोठा श्वास सोडला, मग डोकं माझ्या गुडघ्यावर ठेवलं, कारण ठेवायला तेच जवळ होतं. मी छातीला नळी लावून ऐकलं आणि झालं म्हणून सांगितलं. बेकरीवाल्याने दादाला मिठी मारली. "तुम्ही होतात म्हणून," तो म्हणत राहिला, "तुम्ही होतात म्हणून." त्याच्या बायकोने मला हात धुवायला कुठे जायचं ते दाखवलं.

गाडीत दादा चावी लावून तसाच बसून राहिला.

"मला नाही जमत हे," तो म्हणाला. "कधीच जमलं नाही. बाबांना माहीत होतं."

"सगळ्यांना माहीत आहे."

"शीर दिसतच नाही मला. डोळ्यांपुढे अंधारी येते."

"मग बोलतोस कशाला?"

"ते जमतं म्हणून," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी जमतंय, चिमणे."

त्या क्षणी मला तो बरा वाटला. लहानपणी अंधाऱ्या जिन्यावरून जाताना तो माझा हात धरायचा, धाकटी मी असून. मी म्हटलं, "चल, भूक लागली." मला वाटलं, संपलं. आता हा कोळशाला सोडून देईल, आणि जंतांवर बोलेल, नाहीतर बोलणार नाही.

व्यापारी मंडळाच्या अधिवेशनाला मी गेले नाही. ते भाषण आईने मला फोनवर दाखवलं, आवाज पूर्ण मोठा करून. दादा आला. थांबला. एका माणसाकडे बघितलं. आणि म्हणाला, "त्या दिवशी माझा हात कापला."

तो सांगत गेला, मी ऐकत राहिले. इतकी वर्षं हा हात कधी कापला नाही, पण त्या दिवशी प्रेमाने कापला. डॉक्टरलाही मोडावं लागतं, तरच तो जोडू शकतो. तेव्हा मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. ती माझी धाकटी बहीण होती. ती अबोल आहे. ती फक्त म्हणाली, "दादा, मी आहे."

"बघ, तुझं नाव घेतलं त्याने," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

"नाव नाही घेतलं, आई."

"अगं, बहीण म्हणाला ना. दुसरी कुठली बहीण आहे त्याला?"

मी दवाखान्यात जाऊन बाहेरची पाटी काढली. त्यावर आम्हा दोघांची नावं होती. पाटी तयार करणाऱ्याला सांगून माझ्या एकटीच्या नावाची नवी करून घेतली. दादा आला, पाटी वाचली, आणि मला वाटलं होतं तसं भांडला नाही. उलट त्याच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं दिसलं. काचवाल्या दवाखान्याने त्याला आधीच विचारलं होतं, म्हणे. तिथे त्याला सुई धरावी लागणार नव्हती. आता भिंतीएवढ्या फोटोत तो एका पिल्लाला छातीशी धरून हसतो, आणि आमचे निम्मे लोक त्या फोटोखाली बसून आपला नंबर येण्याची वाट बघतात. उरलेले माझ्याकडे येतात. त्यातले बरेच गरजेपुरतं बोलणारे आहेत. आमचं बरं जमतं.

फोटोसाठी आणलेलं ते पिल्लू शेवटी दादाच्याच गळ्यात पडलं. लोक विचारायचे, तुमचं स्वतःचं कुत्रं कुठलं, आणि त्याचं उत्तर असायला हवं असं वहिनीचं मत. ती दिवसभर शिंकत असते. परवा सकाळी दादा पिल्लाला घेऊन माझ्याकडे आला, मागच्या दाराने. काचवाल्यांकडे लस आहे, पण तिथे त्याला सगळ्यांसमोर पिल्लू धरून उभं राहावं लागलं असतं.

त्याने नवा गडद कोट घातला होता. इथून तो सरळ बँकवाल्यांच्या कार्यक्रमाला जाणार होता, विश्वास कसा कमवावा या विषयावर.

"घट्ट धर," मी म्हटलं. "तसं नाही, मानेमागून."

त्याने भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, पिल्लाला खांद्यावर दाबून धरलं. मी लस दिली. पिल्लाला काही कळलंही नाही. पण गाडीच्या प्रवासाने त्याचं पोट ढवळलं होतं, आणि दादाच्या खांद्यावरून खाली, कोटाच्या पाठीवर, ते सकाळचं सगळं दूध ओकलं. पांढरं, चांगलं हातभर लांब.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

त्याने पिल्लाला पेटीत ठेवलं, आरशात समोरून कॉलर नीट केली, आणि मला म्हणाला, "कसा दिसतोय?"

"उत्तम," मी म्हटलं, आणि पुढच्या मांजराला आत बोलावलं.